‘बाथरूममध्ये घसरून पडले’ : घरातली मारहाण, आरोग्य आणि मदतीचे रस्ते

महापालिकेच्या कुठल्याही दवाखान्यात केसपेपर काढताना जखमी बाईला पहिला प्रश्न असतो, ‘काय झालं?’ उत्तर बहुतेक वेळा घरूनच ठरवून आणलेलं असतं. बाथरूममध्ये घसरले. जिन्यावरून पडले. कपाटाचं दार लागलं. सोबत नवरा नाहीतर सासू उभी असते, मागे रांग असते, आणि केसपेपरवर तेच लिहिलं जातं. टाके पडतात, गोळ्या मिळतात, बाई घरी परत येते. तीन महिन्यांनी पुन्हा ‘पडते’.

आम्ही शाळेत शिकवतो. डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण मुलुंड-भांडुपच्या वस्त्यांतल्या मुलांच्या अम्मी पालकसभेनंतर थांबतात आणि वह्यांचं बोलणं संपल्यावर हळूच दुसरं काही विचारतात. ‘टीचर, ऐसे में कहाँ जाते हैं?’ हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला की आम्हालाच आधी शिकावं लागलं. जे समजलं ते इथे एका ठिकाणी मांडतो आहोत. कुणा एका घराची ही गोष्ट नाही, आणि हा प्रश्न फक्त आपल्याच समाजाचा आहे असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण दर चौघींमागे एकीने नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात हे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होतं. त्याच पाहणीत हिंसा सोसलेल्या दर चार बायकांपैकी तिघींनी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, मदतही मागितलेली नव्हती. ज्यांनी मागितली त्यांनी बहुतांशी माहेरीच मागितली. डॉक्टर आणि पोलिसांपर्यंत पोहोचणाऱ्या फारच थोड्या.

म्हणजे पहिलं ऐकणारं माणूस अम्मी, खाला, भाऊ किंवा शेजारीण असते. ते माणूस पुढे काय म्हणतं यावर खूप काही ठरतं.

मारहाण म्हणजे नुसता हात उगारणं नाही

‘हात तो नहीं उठाता ना?’ हा आपल्याकडचा नेहमीचा सवाल. नाही म्हटलं की विषय मिटला. कायदा मात्र तिथे थांबत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये मंजूर झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात चार प्रकार सांगितले आहेत : शारीरिक, लैंगिक, तोंडी आणि भावनिक, आणि आर्थिक. मुलगीच झाली म्हणून रोज टोमणे मारणं, माहेरी फोन करू न देणं, रेशनला पैसे न देणं, बायकोच्या पगाराचं एटीएम कार्ड स्वतःच्या खिशात ठेवणं, तिचे दागिने विचारल्याशिवाय गहाण टाकणं, हे सगळं त्यात येतं. ‘तलाक देऊन टाकीन’ ही धमकी ज्या घरात मीठ-मिरचीसारखी रोज वापरली जाते, तिथे आवाज चढला नाही तरी बाई आतून खचत जाते.

आणि हा काही बाहेरून आलेला नवा विचार नाही. मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम १९३९ सालचा आहे, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीचा. उलेमांच्या पुढाकाराने आणि पाठिंब्याने तो आला. कोणत्या कारणांवरून मुस्लिम पत्नी कोर्टाकडे निकाह संपवण्याची मागणी करू शकते ते त्यात लिहिलं आहे. क्रूरतेच्या कलमात नेहमीची मारहाण तर आहेच. शिवाय शरीराला हात न लावताही वागणुकीने तिचं जगणं हालाखीचं करणं, तिची मालमत्ता विकणं किंवा त्यावरचा तिचा हक्क चालू न देणं, तिला दीन पाळण्यात अडथळा आणणं, एकाहून जास्त बायका असतील तर कुरआनच्या हुकुमाप्रमाणे बरोबरीने न वागवणं, हेही आहे. ज्या गोष्टीला क्रूरता म्हणायला आपण आजही कचरतो, ती आपल्याच कायद्यात ऐंशीहून अधिक वर्षांपासून नोंदलेली आहे.

शरीर हिशेब ठेवतं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. जोडीदाराची हिंसा सोसलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्याचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. कमी वजनाचं बाळ जन्मण्याची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त होती. हिंसा सोसलेल्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना त्यातून जखमा झालेल्या होत्या. उरलेल्या अर्ध्याहून जास्त बायकांच्या अंगावर दाखवण्यासारखी जखम नव्हती. ‘खूण दाखव’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

दवाखान्यात ही बाई वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येते. डोकं सतत दुखतं, कंबर दुखते, पोटात जळजळ होते, झोप येत नाही, छातीत धडधडतं, पांढरं जातं, लघवीला आग होते. तपासण्या होतात, रिपोर्ट बरे येतात, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवतात. तिला मधुमेह किंवा बीपी असेल तर तेही आटोक्यात राहत नाही, कारण भांडण झालं की तिच्या औषधाचे पैसे आधी बंद होतात. टीबीचा कोर्स चालू असताना माहेरी हाकलून दिलं तर गोळ्यांमध्ये खंड पडतो, आणि अर्धवट सोडलेला टीबी पुढे औषधांना दाद देत नाही. कानफटात मारणं ही आपल्याकडे फारच साधी गोष्ट समजतात. त्या एका फटक्याने कानाचा पडदा फाटू शकतो. मग ‘ऐकू कमी येतं’ म्हणून बाई वर्षानुवर्षं बोलणी खाते, आणि ऐकू कशाने कमी येतं हे घरात सगळ्यांना माहीत असतं.

गरोदरपणात हिंसा थांबते असा भाबडा समज आहे. अनेक घरांत ती तेव्हाच वाढते. पोटावर लाथ बसली तर वार सुटणं, रक्तस्राव, वेळेआधी बाळंतपण, गर्भपात, काहीही होऊ शकतं. मारहाण झालेली गरोदर बाई ‘आता बरं वाटतंय’ म्हणाली तरी तिला त्याच दिवशी तपासायला न्यावं. बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्र काढू नये.

गळा दाबण्याबद्दल वेगळं सांगावं लागेल. हा प्रकार घराघरांत ‘गुस्से में गला पकड़ लिया’ एवढ्यावर सोडून दिला जातो. गळ्यावर वळ नसला तरी आतल्या रक्तवाहिन्यांना इजा झालेली असू शकते, आणि त्रास काही तासांनी किंवा काही दिवसांनी दिसतो. आवाज बसणं, गिळताना दुखणं, श्वास लागणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, त्या क्षणी कपड्यातच लघवी होणं, यातलं काहीही असेल तर थेट मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात जावं आणि ‘गळा दाबला होता’ हे शब्द डॉक्टरांना सांगावेत. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेल्या स्त्रीचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक दिसली होती. म्हणून ज्या घरात गळ्यापर्यंत हात गेला आहे, तिथे ‘आणखी थोडं सब्र कर’ हा सल्ला देऊ नका.

मनाचं दुखणं याहून लपलेलं असतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न झाला की घरचे ‘चुकून औषध पोटात गेलं’ असं सांगतात, पोलीस केसच्या भीतीने. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ प्रमाणे असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरलं जातं आणि तिला शिक्षा न करता उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. त्यामुळे डॉक्टरांना खरं सांगण्याने तिचं नुकसान नाही. लपवण्याने आहे, कारण मूळ कारण तसंच राहून ती त्याच खोलीत परत जाते. मरावंसं वाटतं असं कुणी बोललं तर तिला एकटं सोडू नका. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं.

मुलं झोपलेली नसतात

‘बच्चे सो रहे थे, उन्हें कुछ नहीं मालूम.’ हे आम्ही किती वेळा ऐकलं, मोजलेलं नाही. चाळीतल्या किंवा एसआरएच्या एका खोलीत झोपलेलं मूल भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत असतं. सकाळी ते शाळेत येतं आणि पहिल्याच तासाला बाकावर डोकं ठेवून झोपतं. काही मुलं मधल्या सुट्टीत दुसऱ्यांना मारतात. काही शाळा सुटल्यावर उगाच रेंगाळतात, बाकं नीट करतात, फळा पुसतात, घरी जायचं टाळतात. आठ-नऊ वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. मोठी मुलगी धाकट्या भावंडांची आईच होऊन बसते. तिची हजेरी कमी होते, आणि आम्ही शिक्षक रजिस्टरमध्ये ‘अनियमित’ लिहून मोकळे होतो.

१९९८ मध्ये अमेरिकेत फेलिट्टी, अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालपणीच्या वाईट अनुभवांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या अनुभवांच्या सात प्रकारांत ‘आईला मारहाण होताना पाहणं’ हा एक स्वतंत्र प्रकार होता. चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये मोठेपणी व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न चार ते बारा पटींनी जास्त आढळले. हृदयविकारासारखे आजारही वाढलेले होते. याचा अर्थ अशा प्रत्येक मुलाचं वाटोळं होतं असा नाही. घरात किंवा बाहेर एक जरी विश्वासाचं मोठं माणूस मिळालं तरी मूल सावरतं. आम्ही हे वर्गात पाहिलेलं आहे.

पण एक चूकही सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका मुलाने ‘माझे घर’ या निबंधात रात्रीचं भांडण जसंच्या तसं लिहिलं. आम्ही नवखे होतो आणि चांगल्या हेतूने त्याच्या वडिलांना बोलावून, वही समोर ठेवून, समजावलं. वडील मान खाली घालून ऐकत होते. आम्हाला वाटलं, काम झालं. त्या रात्री मुलाला मार बसला आणि त्याच्या अम्मीलाही, ‘घर की बात बाहर गई’ म्हणून. त्या मुलाने नंतर वर्षभर निबंधात फक्त पुस्तकातली वाक्यं लिहिली. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की मारणाऱ्याशी आधी बोलायचं नाही. आईशी एकटीशी बोलायचं, आणि तिला काय हवं ते विचारायचं. मुलाला थेट धोका असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे; शिक्षक, शेजारी, कुणीही फोन करू शकतं.

केसपेपरवरची एक ओळ

मुंबईत या प्रश्नावर एक मोठं काम झालं आहे आणि आपल्या वस्त्यांत ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. नाव असं की उर्दूतही तेच आणि मराठीतही तेच. यामागचा विचार साधा होता. बाई पोलीस ठाण्यात जाणार नाही, वकिलाकडे जाणार नाही, पण दवाखान्यात येतेच; तेव्हा मदत दवाखान्यातच असावी. डॉक्टर, नर्स आणि वॉर्डातल्या आया यांना खुणा ओळखायला शिकवलं गेलं. वारंवार ‘पडणारी’ बाई, सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी जखम, सोबतच्या माणसाकडे बघून उत्तर देणारी रुग्ण. अशा बाईला बाजूला घेऊन समुपदेशकाकडे पाठवायचं. तिथे तिचं ऐकून घेतात, घरी परतणं सुरक्षित आहे का ते तिच्याबरोबर तपासतात, कायद्याची माहिती देतात. गरज पडली तर निरीक्षणासाठी म्हणून एक-दोन दिवस रुग्णालयातच ठेवून घेण्याची सोयही या कामातून पुढे आली. नंतर कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात महापालिकेच्या इतर उपनगरी रुग्णालयांत ही केंद्रं गेली. आपल्या बाजूला घाटकोपरचं राजावाडी आणि मुलुंडचं एम. टी. अग्रवाल रुग्णालय आहे. इमारतींची कामं चालू असली की खोल्या बदलतात, म्हणून केसपेपरच्या खिडकीवर किंवा ड्युटीवरच्या सिस्टरना ‘दिलासा कुठे आहे’ एवढंच विचारावं. दुसऱ्या आजाराचा केसपेपर काढूनही तिथे जाता येतं. सोबतच्या माणसाला कारण सांगायची गरज नाही.

डॉक्टरांसमोर सगळं बोलायचं धाडस झालं नाही तरी एक गोष्ट जरूर करावी. ‘नवऱ्याने मारलं’ हे तीन सेकंदांचं वाक्य सांगावं, आणि ते केसपेपरवर लिहिलं गेलं का ते पाहावं. कधी मारलं, कशाने, कुठे लागलं. याने लगेच कुणाला अटक होत नाही. पोलिसांना कळवायची नोंद, जिला दवाखान्यात एमएलसी म्हणतात, झाली तरी तक्रार करायची की नाही हे बाई नंतर ठरवू शकते. पण दोन वर्षांनी ती कोर्टात उभी राहील तेव्हा विरुद्ध वकील पहिला प्रश्न विचारेल, ‘तेव्हा का नाही सांगितलं?’ त्या वेळी महापालिकेच्या शिक्क्याचा तो कागद तिच्या बाजूने बोलतो. आणि ‘बाथरूममध्ये पडले’ लिहिलेला कागद तिच्या विरुद्ध बोलतो. उपचारासाठी आधी पोलीस ठाण्याचा कागद आणा असं कुणी म्हणू शकत नाही. २००५ च्या कायद्याप्रमाणे पीडित बाईला वैद्यकीय मदत देणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. आपल्या कागदांची प्रत मागितली तर ७२ तासांत द्यावी असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम आहे.

कोर्टातून काय मिळतं

२००५ चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे, म्हणजे नवऱ्याला जेलमध्ये टाकण्यासाठी नव्हे तर बाईला सुरक्षित ठेवण्यासाठी. ‘पोलीस केस नको, फक्त मारणं थांबवा’ असं म्हणणाऱ्या बायकांसाठी हाच रस्ता आहे. संरक्षण अधिकारी, समुपदेशन केंद्र किंवा वकील यांच्यामार्फत, किंवा स्वतः, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मुलुंडमध्ये दंडाधिकारी न्यायालय आहे. मारू नये, जवळ येऊ नये असा आदेश, राहत्या घरातून काढू नये असा आदेश, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई मागता येते. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं कायद्यात म्हटलं आहे. प्रत्यक्षात महिने जातात, कधी वर्षंही. हे आधीच माहीत असलेलं बरं. म्हणून अर्जासोबत अंतरिम आदेश मागायलाच हवा. असा आदेश मोडणं हा गुन्हा आहे आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

‘खोली तर सासूच्या नावावर आहे’ हे वाक्य मुंबईत हमखास येतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं की घर नवऱ्याच्या नावावर नसून सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी बाई तिथे सामायिक कुटुंबात नांदत होती तर ते ‘सामायिक घर’ ठरू शकतं. मालकी मिळत नाही, पण हाताला धरून बाहेर काढता येत नाही. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने तक्रार फक्त ‘प्रौढ पुरुषा’विरुद्धच करता येईल ही अट काढली, त्यामुळे सासू-नणंदेविरुद्धही दाद मागता येते. उलट म्हातारी अम्मीही मुलगा आणि सून यांच्याविरुद्ध याच कायद्याने उभी राहू शकते. कायदा फक्त बायकोचा नाही. आई, बहीण, मुलगी सगळ्यांचा आहे.

फौजदारी तक्रार करायची असेल तर पूर्वीचं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आलं आहे, १ जुलै २०२४ पासून. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मुलुंड पश्चिमेला मुलुंड आणि पूर्वेला नवघर पोलीस ठाणं आहे. वकिलाच्या फीची चिंता बहुतेक बायकांना असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१००.

जमात, सुलह आणि आपले कायदे

बरीच प्रकरणं आधी जमातीच्या ऑफिसात जातात. त्यात वाईट काही नाही. समजूतदार मौलानांनी वाचवलेली घरं आम्ही पाहिली आहेत. पण बैठकीची मांडणी बघा. सूरह अन-निसाच्या ३५व्या आयतीत नवऱ्याकडचा एक आणि बायकोकडचा एक असे दोन पंच नेमायला सांगितलं आहे. आपल्याकडच्या बैठकीत मुलाकडचे आठ पुरुष असतात, मुलीचा बाप एकटा असतो, आणि जिला मार बसला ती पडद्याआड किंवा घरीच. तिला कुणी विचारतच नाही. शेवटी नवरा ‘आइंदा नहीं होगा’ म्हणतो, चहा होतो, सुलह होते. ती सुलह कागदावर लिहिलेली नसते, आणि महिन्याभराने कुणी विचारायलाही जात नाही.

त्याच्या आधीच्या आयतीचा हवाला देऊन मारण्याचं समर्थन करणारेही भेटतात. तफसीरमधली ती चर्चा मोठी आहे आणि आम्ही आलिम नाही. एवढं मात्र ठाऊक आहे की तोंडावर मारणं किंवा जखम करणं फिकहच्या कुठल्याही मान्य मझहबने जायज ठेवलेलं नाही, आणि हजरत आयेशा (र.) यांच्याकडून आलेल्या रिवायतीप्रमाणे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या हाताने कधी कुठल्या स्त्रीला किंवा खादिमाला मारलं नाही. सब्राची आयत बाईला ऐकवणाऱ्यांनी ही रिवायत नवऱ्यालाही ऐकवावी.

दारुल कझा किंवा जमातीचा निर्णय दोघांनी राजीखुशीने मानला तर ठीक. पण तो कोर्टाच्या हुकुमासारखा बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये सांगितलं आहे. ‘जमातीत गेलात, आता कोर्टात जाता येणार नाही’ असं कुणी दटावलं तर ते खरं नाही. ‘तलाक झाला, आता कसली केस’ हेही खरं नाही. मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये ठरवलं की तलाकच्या आधी झालेल्या हिंसेबद्दल तलाकनंतरही मुस्लिम स्त्री या कायद्याने दाद मागू शकते. एका दमात दिलेला तीन तलाक ऑगस्ट २०१७ च्या निकालाने आणि २०१९ च्या कायद्याने निरर्थक आहे, शिवाय गुन्हा आहे. खर्चाच्या बाबतीत, जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही सर्वसाधारण फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते असा निकाल दिला; तेव्हाचं कलम १२५ आता नव्या संहितेत १४४ आहे. आणि वेगळं व्हायचंच ठरलं तर खुला आहे, १९३९ च्या कायद्याने कोर्टातून निकाह संपवणं आहे. निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या माहेरी असावी, हे लग्नाच्याच दिवशी बघावं. आपण बिर्याणीचे देग मोजतो, निकाहनाम्याची प्रत मोजत नाही.

घरून निघायची वेळ आली तर

मारहाण चालू असताना ११२ वर फोन करावा. मुंबईत महिलांसाठी १०३ आहे, राज्यभर १८१. बोलता येत नसेल तर शेजारणीशी आधीच एखादी खूण ठरवून ठेवावी. मुलाने जाऊन ‘अम्मीने हळद मागितली’ म्हटलं की तिने फोन करायचा, असं काही. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात जाऊ नये, तिथे सुरी आणि गॅस असतो. दाराकडे राहावं. आधार कार्ड, रेशनकार्ड, निकाहनामा, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि दवाखान्याचे कागद यांचे फोटो माहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाच्या मोबाइलवर पाठवून आपल्या फोनमधून काढून टाकावेत. घर सोडून जाणार असं भांडणात बोलून दाखवू नये, कारण निघायची वेळ सगळ्यात धोक्याची असते.

मुलगी अंगावरच्या कपड्यांनिशी रात्री माहेरी आली तर पहिल्या रात्री प्रश्न विचारू नका. ‘तूने क्या किया था?’ तर नाहीच. जेवायला द्या, लागलं असेल तर दवाखान्यात न्या. नवऱ्याचा फोन आला की ‘इथेच आहे, बरी आहे, उद्या बोलू’ यापुढे जाऊ नका. तिला परत पाठवायचं की नाही हे तिच्या भावाने ठरवायचं नाही.

एक गोष्ट आमच्या अखत्यारीतली. अशी आई मुलांना घेऊन मुंब्र्याला, कल्याणला किंवा गावी जाते, तेव्हा शाळेचा प्रश्न येतो आणि पुष्कळ बायका केवळ त्यापायी मार खात थांबतात, ‘बच्चों का साल बर्बाद होगा’. बर्बाद होत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ प्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, वर्षाच्या मध्यावरही नाही. खिडकीवरच्या क्लार्कने ‘वडिलांची सही आणा’ म्हटलं तर आईने सरळ मुख्याध्यापकांना भेटावं आणि अर्ज लेखी द्यावा. आणि आमच्या शिक्षक भावा-बहिणींना विनंती, मूल कुठल्या शाळेत गेलं हे दुसऱ्या दिवशी दारात आलेल्या वडिलांना सांगू नका.